टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे क्षेत्र-कृती प्रकल्प (बालक व कुटुंब)

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे क्षेत्र-कृती प्रकल्प हे मुंबईतील या अभिमत विद्यापीठाने वस्त्या, पोलीस ठाणी, कारागृहे, शासकीय विभाग आणि स्वयंसेवी संस्था यांच्या सहकार्याने चालवलेले सेवाप्रकल्प होत. इंग्रजीत त्यांना ‘फील्ड ॲक्शन प्रोजेक्ट’ असे म्हणतात. विद्यापीठात शिकवले जाणारे समाजकार्य प्रत्यक्ष गरजू लोकांपर्यंत नेणे, त्या अनुभवातून नवी सेवापद्धती घडवणे आणि ती उपयुक्त ठरल्यास शासनाने किंवा समाजाने ती कायमस्वरूपी स्वीकारावी असा प्रयत्न करणे, हा या प्रकल्पांचा हेतू आहे. बालक आणि कुटुंब हे त्यांच्या कार्याचे एक प्रमुख क्षेत्र राहिले आहे. १९३७ मध्ये सुरू झालेले बालमार्गदर्शन केंद्र, १९८४ मधील महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, १९९० मधील ‘प्रयास’, १९९६ मधील ‘चाइल्डलाइन’ ही दूरध्वनी सेवा आणि २००६ मधील ‘कोशिश’ हे त्यांपैकी महत्त्वाचे प्रकल्प होत. यांतील काही प्रकल्प पुढे राज्य व केंद्र शासनाच्या व्यवस्थेचा भाग झाले.

संकल्पना

विद्यापीठाची कार्ये साधारणतः अध्यापन, संशोधन आणि विस्तारकार्य अशी तीन मानली जातात. विस्तारकार्यात विद्यापीठातील ज्ञान समाजापर्यंत पोहोचवणे अभिप्रेत असते. क्षेत्र-कृती प्रकल्पाची कल्पना याहून काहीशी वेगळी आहे. येथे ज्ञान एकाच दिशेने वाहत नाही. लोकांसोबत काम करताना जे कळते, ते वर्गात परत येते आणि अभ्यासक्रम, संशोधन व धोरणविषयक सूचना यांना आकार देते.

अशा प्रकल्पाची सुरुवात बहुधा एखाद्या उणिवेतून होते. पोलीस ठाण्यात आलेल्या स्त्रीची तक्रार लिहून घेतली जाते, पण त्या रात्री तिने मुलांना घेऊन कोठे जावे याचे उत्तर कोणाकडे नसते. आईला अटक होते, पण घरी राहिलेल्या मुलांची नोंद कोणत्याच कागदावर होत नाही. कायदा, पोलीस, रुग्णालय आणि शाळा या यंत्रणा आपापल्या जागी असूनही त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेत मूल सापडते. अशी जागा हेरून तेथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ता नेमणे, हे या प्रकल्पांचे समान सूत्र म्हणता येईल.

प्रकल्पाचे मार्गदर्शन सामान्यतः संस्थेतील अध्यापक करतात; दैनंदिन काम पूर्णवेळ समाजकार्यकर्ते सांभाळतात. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी तेथे जातात. आठवड्यातील ठरावीक दिवस प्रत्यक्ष काम, त्या कामाची लेखी नोंद आणि त्या नोंदीवर मार्गदर्शकाशी चर्चा, अशी क्षेत्रकार्याची रूढ पद्धत आहे. गुणपत्रिकेत क्षेत्रकार्याला स्वतंत्र स्थान असते.

पार्श्वभूमी

विद्यापीठीय शिक्षण घेतलेल्या तरुणांनी गरीब वस्तीत राहून तेथील लोकांसाठी काम करावे, या विचाराला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संघटित रूप आले. लंडनच्या पूर्व भागात १८८४ मध्ये सॅम्युएल बार्नेट आणि हेन्रिएटा बार्नेट यांनी ‘टॉयन्बी हॉल’ स्थापन केले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांतील तरुण तेथे राहून वस्तीत काम करीत. याच धर्तीवर जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात ‘हल हाउस’ सुरू केले. तेथील कार्यकर्त्या स्त्रियांचा शिकागोतील १८९९ च्या बाल न्यायालयाच्या स्थापनेत मोठा वाटा होता.

ही परंपरा मुंबईत आली ती अमेरिकन मराठी मिशनच्या मार्गाने. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन धर्मोपदेशक १९२५ मध्ये भारतात आले आणि १९२६ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या नागपाडा भागात ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ सुरू झाले. नागपाडा ही तेव्हा दाटीवाटीची, अनेक धर्मांच्या व भाषांच्या कष्टकऱ्यांची वस्ती होती. तेथील कामातून मॅन्शार्ट यांना जाणवले की केवळ सद्भावना पुरेशी नाही. या कामासाठी पद्धतशीर शिक्षण घेतलेली माणसे हवीत. सर दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्याने १९३६ मध्ये ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ ही शिक्षणसंस्था स्थापन झाली आणि मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक झाले. समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण देणारी ही भारतातील पहिली संस्था होय. तिचे वर्ग आरंभी नागपाडा येथेच भरत. वस्तीतले काम आधी आणि शिक्षणसंस्था नंतर, हा तिच्या जन्माचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

१९४४ मध्ये संस्थेला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस हे नाव मिळाले. १९५४ मध्ये ती देवनार येथील सध्याच्या आवारात आली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला. फाळणीनंतर कुरुक्षेत्र येथील निर्वासितांच्या छावणीत संस्थेतील अध्यापक आणि विद्यार्थ्यांनी मदतकार्य केले होते.

प्रमुख प्रकल्प

बालमार्गदर्शन केंद्र

संस्था स्थापन झाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १९३७ मध्ये, मुंबईत बालमार्गदर्शन केंद्र सुरू करण्यात आले. ते भारतातील अशा प्रकारचे पहिले केंद्र मानले जाते. शाळेतून पळणारे, चोरी करणारे, अबोल राहणारे किंवा अंथरूण ओले करणारे मूल म्हणजे ‘वाईट’ किंवा ‘मंद’ मूल, अशी त्या काळची सर्वसाधारण समजूत होती. शिक्षा हाच त्यावरचा परिचित उपाय होता. बालमार्गदर्शनाच्या पद्धतीने या समजुतीला वेगळे उत्तर दिले. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता यांनी मिळून मुलाचा विचार करायचा आणि त्याच्या वागण्याचे कारण घर, शाळा व शेजार यांत शोधायचे, अशी ही पद्धत होती. त्यामुळे समाजकार्यकर्त्याची गृहभेट हा उपचाराचाच भाग ठरला. पुढे हे केंद्र ‘मुस्कान’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

महिला व मुलांसाठी विशेष कक्ष

१९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हुंडाबळी आणि घरातील छळ हे विषय स्त्री-चळवळीने सार्वजनिक चर्चेत आणले. १९८३ मध्ये भारतीय दंडसंहितेत कलम ४९८-अ समाविष्ट होऊन पती व सासरच्या मंडळींकडून होणारी क्रूरता हा स्वतंत्र गुन्हा ठरला. मात्र कायदा झाल्याने पोलीस ठाण्यातील वातावरण आपोआप बदलत नाही. तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला ‘हा तुमचा घरचा मामला आहे’ असे सांगून परत पाठवले जाण्याचे प्रकार नेहमीचे होते.

या पार्श्वभूमीवर १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी संयुक्तपणे पोलीस आयुक्तालयाच्या आवारात महिला व मुलांसाठीचा पहिला विशेष कक्ष सुरू केला. कक्षाचे वैशिष्ट्य त्याच्या जागेत आहे. तो पोलीस यंत्रणेच्या आत असतो, परंतु तेथे काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्या पोलीस नसतात. पोलिसांची सत्ता जवळ असल्यामुळे समोरच्या पक्षाला बोलावणे, स्त्रीधन परत मिळवणे किंवा आईपासून हिरावून नेलेल्या मुलाचा ताबा मिळवण्यास मदत करणे शक्य होते. आणि कार्यकर्ती गणवेशात नसल्यामुळे स्त्रीला मोकळेपणाने बोलता येते. समुपदेशन, कायदेशीर मार्गांची माहिती, निवारागृहाशी संपर्क आणि पोलिसांकडे पाठपुरावा ही कामे कक्षात होतात. ‘समजूत घालून परत नांदायला पाठवणे’ हे कक्षाचे उद्दिष्ट नसून हिंसा थांबणे हे आहे, असा आग्रह या कामात धरला गेला. कोणता मार्ग स्वीकारायचा हे ठरवण्याचा हक्क त्या स्त्रीचाच मानला जातो.

पुढील काळात मुंबईत आणखी कक्ष सुरू झाले. २००५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या महिला व बालविकास विभागाने ही योजना स्वीकारली आणि कक्ष राज्याच्या इतर जिल्ह्यांत पोहोचले. त्याच वर्षी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम संमत झाला. या अधिनियमाने संरक्षण अधिकारी आणि सेवा पुरवठादार यांची तरतूद केल्याने, पोलीस व न्यायालय यांच्यासोबत समाजकार्यकर्त्याच्या भूमिकेला कायद्याच्या चौकटीत स्थान मिळाले. महाराष्ट्राबाहेर अन्य काही राज्यांनीही विशेष कक्षाचा नमुना स्वीकारला.

चाइल्डलाइन

‘चाइल्डलाइन’ ही संकटातील मुलांसाठीची चोवीस तासांची निःशुल्क दूरध्वनी सेवा जून १९९६ मध्ये मुंबईत संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झाली. कुटुंब व बालकल्याण विभागात अध्यापन करणाऱ्या जेरू बिलिमोरिया तिच्या संस्थापक होत. रेल्वे स्थानके आणि रात्रनिवारे येथे राहणाऱ्या मुलांशी त्यांचा परिचय होता. अडचण आली की ही मुले रात्री-अपरात्री त्यांच्या घरी दूरध्वनी करीत. कोणी आजारी असे, कोणाला मारहाण झालेली असे, कोणाला पोलिसांनी नेलेले असे. शहरात मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था होत्या, परंतु बहुतेकांची दारे सायंकाळनंतर बंद असत. ही उणीव भरून काढण्यासाठी सर्व संस्थांना जोडणारा एकच क्रमांक असावा, ही कल्पना पुढे आली.

सेवेला १०९८ हा क्रमांक मिळाला. तो ‘एक-शून्य-नऊ-आठ’ असा न उच्चारता ‘दस-नौ-आठ’ असा सांगितला जाई. उलट्या मोजणीसारखा असल्यामुळे अक्षरओळख नसलेल्या मुलांच्याही तो सहज लक्षात राहत असे. त्या काळात भ्रमणध्वनी सामान्यांच्या हाती आलेले नव्हते. मुले सार्वजनिक दूरध्वनी केंद्रांवरूनच संपर्क साधत. म्हणून केंद्रचालकाने रस्त्यावरील मुलाला हाकलून न देता दूरध्वनी वापरू द्यावा, यासाठी त्यांच्यात प्रचार करणे हाही कार्याचा एक भाग झाला.

दूरध्वनी आल्यावर शक्यतो एका तासाच्या आत कार्यकर्त्याने मुलापर्यंत पोहोचावे, असा दंडक होता. प्रथम वैद्यकीय मदत, निवारा किंवा छळापासून सुटका आणि नंतर दीर्घकालीन पुनर्वसन, अशा क्रमाने काम चाले. स्वतः रस्त्यावर वाढलेल्या तरुणांनाही कार्यकर्ते म्हणून सामावून घेण्यात आले. वेळोवेळी मुलांच्या खुल्या बैठका भरत. त्यांत मुले सेवेविषयीच्या तक्रारी थेट मांडू शकत. पलीकडून कोणी बोलतच नाही असे ‘मूक दूरध्वनी’ही मोठ्या संख्येने येत. असा दूरध्वनी खाली ठेवायचा नाही, हे कार्यकर्त्यांना शिकवले जाई. कारण पलीकडचे मूल बोलण्याचे धैर्य गोळा करीत असण्याची शक्यता असते.

सेवेचा विस्तार करताना शहरातील कामाची विभागणी करण्यात आली. दूरध्वनी घेणाऱ्या व मुलापर्यंत जाणाऱ्या संस्थांना सहयोगी संस्था म्हणत. त्यांना साहाय्य करणाऱ्या व संदर्भसेवा देणाऱ्या संस्था वेगळ्या असत. या सर्वांमध्ये समन्वय साधणे, प्रशिक्षण देणे आणि नोंदींचा अभ्यास करणे हे काम मध्यवर्ती संस्थेकडे असे, आणि ती जबाबदारी अनेक ठिकाणी समाजकार्य महाविद्यालये किंवा विद्यापीठीय विभाग यांच्याकडे सोपवण्यात आली. अशा रीतीने एका विद्यापीठातील प्रकल्पाने इतर शैक्षणिक संस्थांनाही आपापल्या शहरातील मुलांशी जोडले.

केंद्र शासनाच्या पाठबळाने सेवा देशभर नेण्यासाठी १९९९ मध्ये ‘चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन’ ही स्वतंत्र संस्था नोंदवण्यात आली. आरंभी सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीत असलेली ही सेवा २००६ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाकडे आली. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मध्ये ‘चाइल्डलाइन सेवा’ ही संज्ञा व्याख्येसह समाविष्ट झाली. काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर हजर करणाऱ्यांच्या यादीत तिला स्थान मिळाले. एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकांतही १०९८ हा क्रमांक छापण्यात येऊ लागला.

२०२२ मध्ये जाहीर झालेल्या ‘मिशन वात्सल्य’च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २०२३ पासून ही सेवा टप्प्याटप्प्याने फाउंडेशनकडून राज्य व जिल्हा यंत्रणांकडे सोपवण्यात आली आणि ११२ या राष्ट्रीय आपत्कालीन प्रतिसाद यंत्रणेशी जोडण्यात आली. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक मात्र कायम राहिला.

प्रयास

‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला. कारागृहे, पोलीस ठाणी आणि शासकीय निवासगृहे येथील व्यक्ती व त्यांची कुटुंबे यांच्यासाठी तो काम करतो. वकिलाची मदत मिळवून देणे, सुटकेनंतर रोजगाराशी जोडणे आणि कुटुंबाशी तुटलेला संपर्क पुन्हा जुळवणे ही त्याची प्रमुख कामे होत.

या कामातून कैद्यांच्या मुलांचा प्रश्न ठळकपणे पुढे आला. ही मुले दोन प्रकारची असतात. काही लहान मुले आईसोबत कारागृहात राहतात. आकाश, रस्ता, प्राणी यांची त्यांना ओळख नसते आणि दार उघडण्याचा अधिकार आपल्या आईला नाही, हे ती फार लवकर शिकतात. उरलेली मुले बाहेर, नातेवाइकांकडे, शेजाऱ्यांकडे किंवा एकटीच असतात. आईला ती कोठे आहेत हे अनेकदा ठाऊक नसते.

आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कारागृहातील स्त्रियांच्या मुलांचा प्रश्न विचारात घेतला. त्यात संस्थेच्या वतीने ‘प्रयास’च्या अनुभवावर आधारित प्रतिज्ञापत्र सादर करण्यात आले होते. १३ एप्रिल २००६ च्या निकालात न्यायालयाने देशभरातील कारागृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. मुलाला वयाच्या सहा वर्षांपर्यंत आईसोबत राहता यावे, कारागृहात पाळणाघर व बालवाडी असावी, मुलाला कैद्याप्रमाणे वागवू नये आणि बाळाच्या जन्मनोंदीत जन्मस्थान म्हणून कारागृहाचा उल्लेख करू नये, ही त्यांपैकी काही होत. प्रकल्पातील नोंदी न्यायालयापर्यंत पोहोचून देशव्यापी नियमांना कशी मदत करू शकतात, याचे हे उदाहरण आहे.

कोशिश

२००६ मध्ये सुरू झालेला ‘कोशिश’ हा प्रकल्प बेघर आणि भीक मागून जगणाऱ्या व्यक्तींसाठी काम करतो. मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम, १९५९ अन्वये पकडल्या जाणाऱ्या व्यक्तींना कायदेशीर साहाय्य व रोजगार मिळवून देणे आणि गरिबीला गुन्हा मानणाऱ्या या कायद्यात बदल व्हावा यासाठी प्रयत्न करणे, असे त्याचे स्वरूप आहे.

बिहार शासनाने राज्यातील निवारागृहे व बालगृहे यांचे सामाजिक अंकेक्षण करण्याचे काम या प्रकल्पाकडे सोपवले. पथकाने ११० संस्थांची पाहणी केली आणि २०१८ मध्ये अहवाल दिला. त्यात मुजफ्फरपूर येथील एका बालिकागृहातील लैंगिक अत्याचाराकडे लक्ष वेधले होते आणि इतर अनेक संस्थांविषयीही गंभीर आक्षेप नोंदवले होते. पुढे हे प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खटला दिल्लीत चालला आणि जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले.

त्या बालिकागृहाला शासकीय अनुदान मिळत होते. त्याची तपासणी करण्याची जबाबदारी असणाऱ्या यंत्रणाही अस्तित्वात होत्या. तरीही मुलींचे म्हणणे नोंदले गेले ते बाहेरून आलेल्या पथकाने त्यांच्याशी संवाद साधल्यावर. विद्यापीठाच्या स्वतंत्र भूमिकेचे महत्त्व सांगताना या प्रकरणाचा उल्लेख केला जातो.

एम-पूर्व प्रभागातील कार्य

संस्थेचे देवनार येथील आवार मुंबई महानगरपालिकेच्या एम-पूर्व प्रभागात आहे. १९२७ पासून वापरात असलेली देवनारची कचराभूमी, गोवंडी व शिवाजीनगर येथील दाट वस्त्या आणि रस्ते-रेल्वे प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्या कुटुंबांसाठी बांधलेल्या मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहती याच प्रभागात येतात. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा प्रभाग शहरात सर्वांत खालच्या स्थानावर होता. अमृतमहोत्सवी वर्षात, म्हणजे २०११ मध्ये, संस्थेने या प्रभागाच्या विकासासाठी विशेष उपक्रम हाती घेतला. प्रभागातील कुटुंबांचे पायाभूत सर्वेक्षण करून पाणी, आरोग्य, कुपोषण, अंगणवाड्या आणि शाळागळती या प्रश्नांवर रहिवासी, महानगरपालिका व स्थानिक संस्था यांच्यासोबत काम सुरू झाले. देशभरातील प्रश्नांचा अभ्यास करणाऱ्या विद्यापीठाच्या कुंपणापलीकडेच शहरातील सर्वाधिक वंचित मुले राहतात, या जाणिवेतून हा उपक्रम उभा राहिला.

शासनाकडे हस्तांतरण

प्रकल्प विद्यापीठात कायम राहावा असे अपेक्षित नसते. उपयुक्तता सिद्ध झाल्यावर तो शासनाने स्वीकारावा किंवा त्याची स्वतंत्र संस्था व्हावी, हे त्याचे यश मानले जाते. विशेष कक्ष आणि चाइल्डलाइन ही या दोन मार्गांची उदाहरणे होत. हस्तांतरणामुळे सेवेला कायद्याचा आधार, सार्वजनिक निधी आणि राज्यभर किंवा देशभर पसरण्याची क्षमता मिळते. एका विद्यापीठाला देशातील प्रत्येक जिल्ह्यात दूरध्वनी घेणारा माणूस नेमणे शक्य नसते; शासनाला ते शक्य असते.

याच प्रक्रियेत सेवेचे स्वरूप बदलण्याचीही शक्यता असते. चाइल्डलाइनचे आपत्कालीन यंत्रणेशी एकत्रीकरण जाहीर झाले, तेव्हा बालहक्क कार्यकर्त्यांनी या मुद्द्यावर चिंता व्यक्त केली. घरातून पळालेले किंवा पोलिसांना घाबरणारे मूल पोलिसांशी जोडलेल्या क्रमांकावर बोलेल का, असा त्यांचा प्रश्न होता. एकाच यंत्रणेमुळे प्रतिसाद जलद होईल आणि पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका या सेवांशी मुलांची मदत जोडली जाईल, अशी शासनाची भूमिका होती. सेवा कोणाच्या अखत्यारीत आहे यापेक्षा मूक दूरध्वनी खाली न ठेवण्यासारख्या पद्धती नव्या व्यवस्थेत टिकतात की नाही, हा या वादातील कळीचा मुद्दा आहे.

मर्यादा

अशा प्रकल्पांच्या काही मर्यादा त्यांच्या रचनेतच असतात. विद्यार्थी शैक्षणिक वर्षाच्या हिशेबाने येतात व जातात. कुटुंबाची अडचण त्या वेळापत्रकानुसार संपत नाही. एखाद्या मुलाचा विश्वास बसेपर्यंत विद्यार्थ्याची मुदत संपलेली असते. म्हणून पूर्णवेळ कार्यकर्त्यांचे सातत्य महत्त्वाचे ठरते. परंतु त्यांची नेमणूक बहुधा मुदतीच्या निधीवर, कंत्राटी पद्धतीने होत असल्याने त्यांचे स्वतःचे स्थानही अस्थिर असते. बाह्य निधीवरील अवलंबित्व किती नाजूक असते, याचा प्रत्यय जून २०२४ मध्ये आला. टाटा ट्रस्टच्या निधीतून वेतन मिळणाऱ्या संस्थेतील शंभराहून अधिक अध्यापक व कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीच्या नोटिसा देण्यात आल्या आणि निधीचे आश्वासन मिळाल्यावर काही दिवसांतच त्या मागे घेण्यात आल्या.

दुसरी मर्यादा संशोधनाच्या नीतीशी निगडित आहे. वस्तीतील लोकांची माहिती पुन्हा पुन्हा गोळा केली जाते, परंतु तिचे निष्कर्ष बहुधा इंग्रजीत लिहिले जातात आणि माहिती देणाऱ्यांच्या हाती पडत नाहीत. त्यामुळे लोकांच्या भाषेत निष्कर्ष सांगणे, मुलांच्या बाबतीत संमती व गोपनीयता काटेकोरपणे पाळणे आणि सर्वेक्षणानंतर काय घडले याचा हिशेब वस्तीला देणे, ही भागीदारीची आवश्यक अंगे मानली जातात.

तिसरी मर्यादा सत्तेच्या सान्निध्याची आहे. पोलीस ठाण्यात किंवा कारागृहात काम करण्यासाठी त्या यंत्रणेची परवानगी लागते, आणि त्याच यंत्रणेतील दोष दाखवण्याची वेळही येते. परवानगी टिकवणे आणि सत्य नोंदवणे यांतील तोल सांभाळणे हे या प्रकल्पांपुढील कायमचे आव्हान आहे.

भारतातील इतर उपक्रम

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्यात सर्व विद्याशाखांचे विद्यार्थी सहभागी होतात. दत्तक गावातील शिबिरे हे तिचे परिचित अंग आहे. केंद्र शासनाच्या उन्नत भारत अभियानाने २०१४ पासून उच्च शिक्षणसंस्थांना परिसरातील खेड्यांशी जोडले आहे. महाराष्ट्रात मुंबईचे निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय (स्थापना १९५५) आणि पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था (स्थापना १९६३) यांनी क्षेत्रकार्याच्या माध्यमातून बालक व कुटुंबांसाठी काम केले आहे. मुंबईतील महापालिका शाळांच्या मुलांसाठी १९९० च्या दशकात उभ्या राहिलेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या सहसंस्थापक फरीदा लांबे निर्मला निकेतनमध्ये अध्यापन करीत होत्या.

विद्यार्थ्यांच्या सर्वसाधारण सेवायोजना आणि क्षेत्र-कृती प्रकल्प यांत महत्त्वाचा भेद आहे. सेवायोजनेत विद्यार्थ्याचा व्यक्तिमत्त्वविकास हे एक प्रमुख उद्दिष्ट असते. क्षेत्र-कृती प्रकल्पात सेवा घेणाऱ्या मुलाचे वा कुटुंबाचे हित प्रथम येते आणि विद्यार्थ्याचे शिक्षण त्याच्या ओघाने घडते.

हे सुद्धा पाहा

टाटा सामाजिक विज्ञान संस्था
समाजकार्य
क्लिफर्ड मॅन्शार्ट
बालकल्याण समिती
बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५
राष्ट्रीय सेवा योजना